खाडे वजा जाता

खाण्याविषयी लिहायचं तर चव शब्दांत पकडता आली पाहिजे, असं नव्यानं लिहिणाऱ्याला सांगतात. माझं म्हणणं, त्याआधी हिशोब लिहिता आला पाहिजे. किती माणसांचं रांधलं, किती वाजता वाढलं, जाळ कशाचा होता, पैसे कुणी आणि कधी दिले. एवढं कागदावर नीट उतरलं की चव मागोमाग येते. ते नसेल तर खमंग, चुरचुरीत, लज्जतदार असे कितीही शब्द रचा, वाचणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटत नाही.

हे मी कॉटन ग्रीनला शिकले. दुसरीकडे कुठे शिकले असते असं वाटत नाही.

मुंबईचा कापूसबाजार आधी कोटात भरायचा. १८४४ मध्ये तो कुलाब्याला गेला आणि १९२०च्या दशकात शिवडीजवळच्या या भरावाच्या जमिनीवर आला. हार्बरच्या गाडीतून उतरून पूर्वेला गेलं की कॉटन एक्स्चेंजची जुनी इमारत आणि बंदराच्या हद्दीतल्या गोदामांच्या रांगा. पश्चिमेला काळाचौकी, अभ्युदयनगर, घोडपदेव. एका अंगाला गाठी उतरायच्या, दुसऱ्या अंगाला जाम, दिग्विजय, शिवडीची स्वान अशा गिरण्यांचे भोंगे व्हायचे. कापसाची एक गाठ म्हणजे १७० किलो. ती हुकानं ओढून थप्पीला लावणारे माथाडी बरेचसे सातारा जिल्ह्यातले, पाटण-जावळीकडचे. साच्यांवर उभे राहणारे गिरणी कामगार घाटावरचे तसेच कोकणातले. बहुतेकांची बायकामुलं गावाला. एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीनं झोपायचे, ट्रंका भिंतीला लावलेल्या, कपडे वर दोरीवर. अशा माणसाला दिवसाला किती भाकरी लागतात आणि त्या कोण थापतं, हा मला मुंबईच्या इतिहासातला पहिल्या रांगेतला प्रश्न वाटतो.

त्या थापायची खाणावळवाली. हॉटेलाची पाटी लावून बसणारी नव्हे. दहा बाय बाराच्या खोलीत, स्वतःचा संसार मोरीकडच्या कोपऱ्यात सारून, दोन वेळा पंधरा-वीस गडी जेवू घालणारी बाई. जेवणाऱ्यांना मेंबर म्हणायचे. पहिल्या पाळीचा मेंबर सातला गिरणीत शिरायचा, म्हणजे त्याचा डबा पहाटे तयार. दुसऱ्या पाळीचा दुपारी जेवून जायचा. रातपाळीवरून आलेला सकाळी, बाकी जग चहा पीत असताना, पोटभर जेवून झोपायचा. रविवारी मटण. सगळं उधारीवर, हिशोब पगाराला. आणि मेंबर गावी गेला, आजारी पडला, कुणाच्या लग्नाला गेला, की तेवढ्या वेळचं जेवण कापायचं. त्याला खाडा म्हणतात. महिनाअखेर खाडे वजा जाता जे उरेल ते देणं.

माझ्या लहानपणी हे सगळं जवळजवळ संपलेलं होतं. पण आमच्या खालच्या मजल्यावर आक्का होती, आणि आक्काच्या फळीवर एक मोठं जर्मनचं पातेलं होतं. त्यात ती पाणी साठवायची.

मी लिहायला सुरुवात केली ती वर्तमानपत्राच्या पुरवणीतल्या वाचकांच्या पाककृतींपासून. साहित्य, कृती, टीप. दीडशे-दोनशे शब्द, पोस्टकार्डाएवढी जागा. या चौकटीला मी नावं ठेवणार नाही. तिथे हात बसतो. 'कांदा परतावा' एवढं लिहून चालत नाही, कुठवर परतावा हे लिहावं लागतं आणि तेही चार शब्दांत. कविता लिहिणाऱ्यांनी पाककृती लिहून बघाव्यात असं मला मनापासून वाटतं.

पुढे दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसायला लागले. १८९८ पासूनची संस्था. तिथे मागाल ते पुस्तक मिळतंच असं नाही, पण मागायची सवय लागते. मराठीतली खाण्याची पुस्तकं मी तिथे ओळीनं समजून घेतली. १८७५ मध्ये आलेलं रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र'. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधरांनी रचलेलं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया', पाठारे प्रभूंच्या भरल्या स्वयंपाकघराचा ऐवज. मग १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. घरात एकच पाककृतीचं पुस्तक असेल तर ते हेच, अशी कितीतरी मराठी घरं आहेत. कमलाबाईंनी वाटी आणि चमच्याचं माप लावलं, आणि ज्या नव्या सुनेला विचारायला जवळ कुणी नव्हतं तिला आमटी येऊ लागली. हे काम किती मोठं आहे ते स्वतः एक कृती लिहून, अनोळखी माणसाला करायला देऊन बघितलं की कळतं.

दुसरं दालन खाणाऱ्यांचं. पु. ल. देशपांड्यांचं 'माझे खाद्यजीवन' मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. दुर्गा भागवतांच्या 'खमंग'मध्ये रांधणारी आणि जाणणारी एकच बाई आहे, म्हणून ते पुस्तक मला अधिक जवळचं. आणि २०१५ मध्ये शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं खाणं त्यांनी नावानिशी, कृतीनिशी लिहिलं. वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या, तेल नसताना केलेलं कालवण, कुठला वाटा कुणाच्या घरी जायचा ते. आपण ज्याला महाराष्ट्राचा स्वयंपाक म्हणत आलो तो ठरावीक घरांचाच होता, हे त्या पुस्तकानं कुणावर आवाज न चढवता दाखवलं. ते वाचून मी आमच्या चाळीकडे बघितलं. घरच्या चार माणसांचा स्वयंपाक पुस्तकांत होता, सणावाराचा होता, हॉटेलांचा होता. पंधरा मेंबरांची, तीन पाळ्यांची, उधारीवरची आमटी मला कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकात सापडली नाही. खाणावळवाल्या बायांच्या आठवणी होत्या. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं केलंय. पण पातेल्यात काय, किती आणि कधी पडलं, ते नव्हतं.

आक्काला म्हटलं, तुझी अख्ख्या मसुराची आमटी लिहून घेते. ती म्हणाली, "त्यात काय ल्ह्यायचंय? मसूर शिजवायचं, चटणी टाकायची." चटणी म्हणजे तिच्याकडे कांदा-लसणाची, वर्षाची, गावाहून एसटीनं येणारी. गावाहून नाही आली तर लालबागच्या मिरची गल्लीतून बेडगी आणि लवंगी आणून डंकावर कांडून घेतलेली.

सांगून लिहून घेण्यात अर्थ नाही, हे मला लवकरच दिसलं. पन्नास वर्षं केलेली गोष्ट तोंडानं सांगताना माणूस नेमकं महत्त्वाचं तेच गाळतो, कारण ते त्याला दिसतच नाही. म्हणून मी वजनकाटा घेऊन तिच्या शेजारी बसले. मुठीतलं जे काही पातेल्यात जाईल ते आधी माझ्या ताटलीत पडेल, मी मोजीन, मग पातेल्यात. पहिल्यांदा ती वैतागली. "हात थांबला की सैपाक चुकतो, पोरी." मग तिलाच त्यात गंमत वाटायला लागली. माणशी एक मूठ मसूर. पहिली मूठ काट्यावर धरली, पंचेचाळीस ग्रॅम. दुसरी धरली, शेहेचाळीस. तिसरी पुन्हा पंचेचाळीस. मी काटा हलवून बघितला, बंद करून चालू केला. आक्का माझ्याकडे बघत होती, तिच्यासाठी त्यात नवल काहीच नव्हतं. मूठ मोठी झाली तर महिन्याला वाण्याचं बिल वाढतं, लहान झाली तर मेंबर दुसऱ्या खाणावळीत जातो. त्या दोन भीतींच्या मध्ये तिची मूठ घडलेली होती.

मग कांदा. तो चिरून परतायचा नाही, अख्खाच जाळावर धरायचा, सालपट काळं होऊन आतून रस सुटेपर्यंत. सुक्या खोबऱ्याचा तुकडाही तसाच. लसूण, कोथिंबिरीच्या काड्या. पानं वरून घालायला ठेवायची, काड्या वाटणात. पाट्यावर वाटण करताना ती पाणी बोटांनी शिंपडायची आणि शेवटी पाटा धुतलेलं पाणीही आमटीतच. तेल तापलं की वाटण, वाटणाला तेल सुटलं की चटणी, आणि चटणी जळायच्या आत मसूर. शेजारच्या शेगडीवर पाण्याला आधण आलेलं. "गार पाणी घातलंस की तर्री बसली. मग गडी ताटात बघून म्हन्तो, आक्का, आज तेल घातलं न्हाई व्हय?" तेल तेवढंच. पण ते वर तरंगलं तर जेवण भरल्यासारखं वाटतं. कढत पाण्याची एक रीत, आणि तेवढ्यावर पंधरा माणसांचं समाधान.

एक डबा ती नेहमी हाताशी ठेवायची. त्यात भाजलेलं डाळीचं पीठ. गावाहून मेंबराचा भाऊ आला, भाचा आला, नोकरी बघायला कुणी आलं, की ते पीठ पाण्यात कालवून उकळत्या आमटीत. दोन माणसांची आमटी वाढते आणि पातळ लागत नाही. मुंबईला नव्यानं आलेल्या कितीतरी पोरांचं पहिलं जेवण त्या पिठावर झालंय.

हा मजकूर मी एका दिवाळी अंकाकडे पाठवला. 'मासिक मनोरंजन'नं १९०९ मध्ये दिवाळी अंक काढल्यापासून मराठीत लिहिणाऱ्याचं वर्ष दिवाळीला संपतं. पावसाळ्याच्या तोंडाशी विचारणा सुरू होते, गणपतीच्या आगेमागे मजकूर हातात लागतो, नवरात्रात मुद्रितं. ओळख नसलेल्यानं पाठवावं का, असं मला नव्यानं लिहिणारे विचारतात. पाठवावं. अंक आधी दोन-तीन वर्षांचे वाचून, त्यात काय छापतात ते बघून, शब्दमर्यादा पाळून, स्वच्छ पाठवावं आणि वाट बघताना पुढचं लिहायला घ्यावं.

माझा मजकूर परत आला तो नकार घेऊन नव्हे, समासात पेन्सिलीनं लिहिलेले प्रश्न घेऊन. संपादक बाईंचं अक्षर बारीक, प्रश्न त्याहून. पातेलं केवढं? स्टोव्ह की कोळशाची शेगडी? रॉकेल रेशनचं पुरायचं का? भाकरी ज्वारीची की बाजरीची, आणि एका वेळी किती? महिन्याचे किती घ्यायची? पंधरा जण जेवल्यावर ती स्वतः कधी जेवायची? शेवटच्या पानावर, 'चव छान उतरली आहे. आता बाई उतरू द्या.'

प्रश्नांचा तो कागद मी अजून वापरते. खाण्याविषयी लिहायला घेतलं की आधी ते प्रश्न स्वतःला विचारते. इंग्लंडात १८६१ मध्ये इझाबेला बीटन नावाच्या तरुण संपादिकेनं गृहव्यवस्थेचा जाडजूड ग्रंथ काढला. त्यात पाककृतीखाली वेळ किती, अंदाजे खर्च किती, किती जणांना पुरेल, कुठल्या मोसमात करावं, हे दिलं. त्यांपैकी 'किती जणांसाठी' आपल्या पाककृतींत रुजलं. खर्च मात्र गळाला. जणू स्वयंपाकघरात पैसा शिरतच नाही. ज्या बाईचा स्वयंपाक हाच धंदा होता तिच्याविषयी लिहिताना तो गाळून कसं चालेल?

म्हणून मी आक्काला पैशाचं विचारलं, आणि तिनं ट्रंकेतून वही काढली.

लांबट, लाल कापडी पाठीची, वाण्याच्या दुकानात असते तशी. एका मेंबराला एक पान. आक्काला लिहिता येत नव्हतं. एक मेंबर लिहून द्यायचा, त्याला त्या बदल्यात रविवारी मटणाचा एक तुकडा जास्त. पानावर तारखांची घरं पाडलेली. जेवला की उभी रेघ, खाडा की फुली. खाली वजाबाकी. कुणाच्या पानावर भातलावणीच्या दिवसांत सलग फुल्या, कुणाच्या पानावर फक्त जत्रेपुरत्या. मी ती वही वाचत बसले तेव्हा माणसांचे स्वभाव दिसायला लागले. महिन्याला दर सोमवारी फुली म्हणजे उपासवाला. एकाच्या पानावर एका महिन्यापासून रोज दोन रेघा, म्हणजे भाऊ येऊन राहिलेला.

जानेवारी १९८२ पासून वही बदलते. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. आक्काचे निम्मे मेंबर गिरणीतले, निम्मे गोदामातले माथाडी. माथाड्यांच्या पानांवर रेघा चालू राहतात. गिरणीवाल्यांच्या पानांवर आधी रेघा, पण खाली जमा काहीच नाही. मग फुल्या. मग घरं पाडलेली आणि कोरी. कामगार गावाला गेले, शेतात राबले, बरेचसे परतलेच नाहीत. आक्कानं दोन महिने उधारीवर जेवू घातलं, वाण्यानं तिला तेवढेच दिवस दिलं.

खाणावळवालीच्या उधारीमागे कुणाची उधारी असते, हे या शहरात एका बाईनं फार आधी ओळखलं होतं. प्रेमा पुरव. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या, मुंबईत कामगार चळवळीत काम केलेल्या. वाणी आणि सावकार यांच्यात अडकलेल्या बायकांना बँका दारात उभ्या करत नव्हत्या, कारण तारण काय, तर पोळपाट आणि परात. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, कर्ज गरिबापर्यंत जायला हवं असं सरकार म्हणत होतं; प्रेमाताईंनी ते खरं करायला लावलं. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं आणि खाणावळवाल्या बायका स्वतःच्या सहीनं वा अंगठ्यानं कर्ज काढू लागल्या. आक्का त्यात नव्हती. तिच्या चाळीतल्या दोघी होत्या. त्या दोघींची खाणावळ संपातून तगली. आक्काची संपाच्या दुसऱ्या पावसाळ्यात बंद झाली. मोठं पातेलं फळीवर चढलं ते तेव्हा.

हे सगळं आमटीच्या लेखात कुठे बसवायचं? मला त्या वेळी एम. एफ. के. फिशर या अमेरिकन लेखिकेचा आधार झाला. महायुद्धाच्या ऐन टंचाईत, १९४२ मध्ये, तिनं 'हाउ टू कुक अ वुल्फ' लिहिलं. लांडगा म्हणजे दाराशी येऊन उभी राहिलेली भूक. साखर, लोणी, इंधन मोजून मिळत असताना जेवावं कसं, आणि मान ताठ ठेवून जेवावं कसं, हे तिनं पाककृतींच्या मधूनमधून सांगितलंय. टंचाई बाजूला काढून तिच्या कृती वाचताच येत नाहीत. मीही मग संप वेगळ्या परिच्छेदात ठेवला नाही. तो भाजलेल्या पिठाच्या डब्यापाशी आला. माणसं तेवढीच, मसूर कमी, पीठ जास्त. मार्चमध्ये एवढं, एप्रिलमध्ये एवढं. त्यावर टीका-टिप्पणी केली नाही. संपादक बाईंनी त्या परिच्छेदाला पेन्सिल लावली नाही.

छापण्याआधी कृती परक्या हातानं करून बघितली पाहिजे, हा नियम मी स्वतःला घालून घेतलाय आणि कुणी विचारलं तर सगळ्यात आधी तोच सांगते. माझ्या ओळखीच्या एका तरुण मुलानं, ज्यानं कधी आमटी केली नव्हती, माझा कागद वाचून ती केली. मी ओट्यापासून लांब, तोंड मिटून बसले. कांदा जाळावर किती वेळ धरायचा इथे तो अडला. मी लिहिलं होतं 'काळा होईपर्यंत', आणि तो एका बाजूनं काळा झाल्याबरोबर उतरवायला निघाला. वाक्य बदललं, 'चहूबाजूंनी फिरवत, चिमट्यानं दाबला तर आत जाईल इतका मऊ होईपर्यंत'. अशी बदललेली वाक्यं कुणाच्या लक्षात येत नाहीत. त्यांच्यावरच कृती उभी असते.

अंक आला. मी आक्काला लेख वाचून दाखवला. पंचेचाळीस ग्रॅमपाशी ती हसली. संपापाशी काही बोलली नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "ह्ये त्या गड्यास्नी धाड." वहीत गावांची नावं होती. बरेच गेलेले असणार, पण तिला ज्यांचा ठावठिकाणा लागला त्यांना अंक पोस्टानं पाठवले.

दिवाळीनंतर पाटण तालुक्यातून फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा, पण दणदणीत, गोदामात हाक मारायची सवय असलेला. गिरणीवाला नव्हे, माथाडी. म्हणाला, "ताई, आक्काच्या आमटीचं बराबर ल्हिलंय. पर दुपारचं ऱ्हायलं." दुपारी माथाडी खोलीवर यायचे नाहीत. फडक्यात बांधलेली भाकरी गोदामातच, गाठींच्या आडोशाला बसून. कालवण न्यायची सोय नाही, सांडलं तर माल खराब. म्हणून आक्का खर्डा द्यायची. हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावर थोड्या तेलात, डाग पडेपर्यंत, जाडं मीठ, आणि तिथंच तव्यात तांब्याच्या बुडानं रगडायचं. वाटायचं नाही, रगडायचं. शेंगदाणे असले तर ओंजळभर, आणि ते पगाराच्या आठवड्यात.

मी कागद ओढला, खांद्यावर फोन धरला. म्हटलं, काका, मिरच्या किती?

पलीकडून उत्तर आलं, "किती मानसांचं करायचंय?"